पेठेतून कॉलनीत : कोल्हापूरजवळच्या नव्या वसाहतीत राहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं जुनं घर मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवर. चार खोल्या आणि अकरा माणसं. दिरांची लग्नं झाली, मुलं दहावी-बारावीला आली आणि अभ्यासाला कोपरासुद्धा उरला नाही. म्हणून २०१४ साली शहराच्या दक्षिणेला, माळावरच्या एका नव्या कॉलनीत दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला आणि २०१६ च्या अक्षय्य तृतीयेला राहायला आलो. तेव्हा कॉलनीत नऊ घरं होती, आता साठच्या वर आहेत. रविवार आला की कुणी ना कुणी जागा बघायला येतं, आमच्या फाटकाशी गाडी थांबवतं आणि तेच प्रश्न विचारतं. उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं लिहिलं आहे.

शहरापासून किती लांब पडतं?

महाद्वार रोड पाच-सहा किलोमीटर. पण अंतर किलोमीटरात मोजू नका, खेपांत मोजा. पेठेत कोथिंबीर विसरली तर पोरगं अनवाणी पळत जाऊन जुडी घेऊन यायचं. इथं तेवढ्यासाठी गाडी काढावी लागते. शाळा, क्लास, दवाखाना, बँक, लग्नकार्यं अशा दिवसाच्या सगळ्या खेपा एका कागदावर मांडा. आम्ही दोन दुचाकी घेऊन आलो होतो, वर्षाच्या आत तिसरी घ्यावी लागली. पेट्रोलचा आकडा कर्जाच्या हप्त्याशेजारीच लिहून ठेवा.

के. एम. टी., म्हणजे महापालिकेची बस, गावातल्या थांब्यापर्यंत येते, तिथून कॉलनी एक किलोमीटर आणि तोही चढ. घर बघायला एकदा तरी बसनं या, तेही दुपारी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो चढ कसा वाटेल ते तेव्हाच कळतं.

जागा बघायला कधी यावं?

दोनदा यावं. एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना. दिवाळीनंतर सगळ्याच कॉलन्या छान दिसतात, रस्त्यावर नवा मुरूम असतो आणि कडेला झेंडू फुललेला असतो. मे महिन्यात पाण्याचं खरं काय ते समजतं. जुलैत पाणी कुठं तुंबतं, चिखल किती होतो आणि शाळेची रिक्षा दारापर्यंत येते की कोपऱ्यावरच थांबते, हे डोळ्यांनी दिसतं. जमलं तर रात्री नऊनंतरही एक फेरी मारा आणि रस्त्यावरचे किती दिवे खरोखर लागतात ते मोजा.

पाणी येतं का?

“येतं” एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, किती वेळ असतं आणि जोर किती असतो, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. आणि ते प्लॉट विकणाऱ्याला विचारू नका, तिथं राहणाऱ्या बाईला विचारा.

कोल्हापूर म्हणजे पाण्याचं गाव. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कळंबा तलाव आहे. त्यामुळं पाण्याची वाण पडेल असं पेठेतल्या माणसाच्या मनातही येत नाही. पण शहराचं पाणी शहराच्या हद्दीत असतं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातलं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं, ती योजना महापालिकेची. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीची किंवा बऱ्याच गावांची मिळून प्रादेशिक नळयोजना असते. योजना आखली तेव्हाच्या गावाच्या माणसांचा हिशोब धरून टाक्या आणि पाईप घातलेले असतात. नंतर माळावर कॉलन्या उठल्या, माणसं वाढली, पाईप तोच राहिला. त्यात कॉलनी बहुतेक वेळा उंचावर आणि पाईपच्या शेवटच्या टोकाला. खालची गल्ली भरून झाल्याशिवाय वर पाणी चढत नाही.

पहिली तीन वर्षं आमच्याकडं चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही पहाटे तीनच्या सुमाराला. मी नळ उघडा ठेवून त्याखाली स्टीलचा रिकामा डबा उपडा घालायचे. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, मग एकदम धार सुटते आणि डबा वाजतो. तो आवाज झोपेतही ऐकू यायचा. उठायचं, मोटर लावायची, शेजारच्या वहिनींच्या खिडकीवर टकटक करायची, त्या पुढच्या घराला उठवायच्या. अशी ती हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

खरा त्रास मात्र मोटरींचाच होता. प्रत्येकजण थेट नळाला मोटर जोडायचा, त्यामुळं वरच्या चार घरांना थेंब मिळायचा नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांना एकत्र बसवलं. नळाला थेट मोटर कुणी लावायची नाही, प्रत्येकानं जमिनीत टाकी बांधायची, नळाचं पाणी आपल्या जोरानं टाकीत पडू द्यायचं आणि तिथून ते गच्चीवर चढवायचं, असं ठरलं. सगळ्यांना पटायला आठ महिने लागले. दोन घरांशी बोलणंच बंद झालं होतं, तीच दोन घरं आज सगळ्यात काटेकोरपणे नियम पाळतात. माझ्या मते कॉलनीत आजवर झालेलं सगळ्यात मोठं काम हेच.

टाकी घर बांधतानाच करून घ्या, नंतर फरशी फोडावी लागते. हिशोब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसं आणि चार दिवस म्हणजे २,७०० लिटर. पाहुणे आणि एखादा चुकलेला दिवस धरून ५,००० लिटरची टाकी असावी.

बोअरच्या भरवशावर घर घेऊ नका. इथं खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांत असेल तरच लागतं. आमच्या शेजाऱ्यांना १८० फुटांवर लागलं, आमच्या बोअरमधून ३०० फुटांपर्यंत नुसता धुरळा आला. त्यापेक्षा गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी १०० लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडं पाऊस मिलिमीटरवर थांबत नाही.

पुराचं काय?

माळावर नदीचं पाणी येत नाही, पण पूर येतो. थेट पाईपलाईन येण्याआधी शहराचे पंप नदीकाठी होते, ते बुडाले की नळ कोरडे पडायचे. २०१९ ला आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे ध्यानात घेतलं की त्या आकड्याचा अंदाज येतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं. त्या दिवसांत दूध, भाजी, पेट्रोल सगळंच अडलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा भागातल्या कित्येकांना घरं सोडावी लागली. २०१९ च्या त्या आठवड्यात आमच्या घरी माझी नणंद, तिची दोन मुलं आणि त्यांच्या गल्लीतलं एक कुटुंब अशी नऊ माणसं राहिली. उंचावरच्या घराची किंमत मला तेव्हा कळली.

नदीच्या बाजूला, शिंगणापूर, बालिंगा, आंबेवाडी, वडणगे अशा भागात जागा बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागून घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट कोणत्या रेषेच्या आत आहे ते लिहून घ्या. आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण कुठं आहे ते घरमालकाला विचारा. लोक हात लावून दाखवतात.

कागदपत्रं कोणती बघायची?

आम्ही इथं चुकलो, म्हणून सविस्तर सांगते.

सातबारा सगळेच बघतात. पण सातबारावर नाव असलं म्हणजे तिथं घर बांधता येतं असं नाही. जमीन बिगरशेती झाली आहे का, लेआउट मंजूर आहे का, आणि तुमचा प्लॉट नंबर त्या मंजूर नकाशावर आहे का, ही तीन कागदं हातात घेऊन बघा. “एन. ए. (बिगरशेती) होणार आहे” हे वाक्य गेली कित्येक वर्षं या माळावर फिरतं आहे. होणार म्हणजे झालेलं नसतं.

अर्धा गुंठा, एक गुंठा असे तुकडे सामाईक सातबारावर घेतलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्यात न बसणाऱ्या तुकड्यावर बँक कर्ज द्यायला मागंपुढं बघते, आणि विकायची वेळ आली की सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. एकजण पुण्याला असतो, एकजण वारलेला असतो, त्याच्या वारसांची नोंद झालेली नसते.

बांधलेलं घर किंवा फ्लॅट घेत असाल आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि आठपेक्षा जास्त घरांचा असेल, तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रकल्पांनाही ती लागू आहे. मे २०१७ पासून ही नोंदणी सुरू आहे. जाहिरातीत नंबर छापलेला असतो तो महारेराच्या संकेतस्थळावर टाका, मंजूर नकाशे आणि ताबा द्यायची तारीख तिथं दिसते. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतलं वापरायचं, असं विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आमची चूक खुल्या जागेची होती. विकताना दाखवलेल्या रंगीत नकाशावर मधोमध हिरवा चौकोन होता, त्यावर “बगीचा” लिहिलं होतं. आम्ही मंजूर नकाशा मागितलाच नाही. राहायला आल्यावर दोन वर्षांनी त्या चौकोनाच्या एका कडेला पाया खणायला जेसीबी आला. मंजूर लेआउटची नक्कल काढायला आम्हाला तीन महिने लागले. तिच्यात ती जागा स्पष्ट खुली दाखवलेली होती, म्हणून काम थांबलं. एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांची असते. ती नक्कल पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

महापालिका की ग्रामपंचायत?

आमच्याकडं ग्रामपंचायत. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली, पण हद्द नगरपालिकेचीच राहिली. हद्दवाढीचा विषय कित्येक वर्षं चालला आहे. गावांचा विरोध होता, शेतजमीन आणि करांची भीती होती, ती खोटीही नव्हती. २०१७ साली मधला मार्ग म्हणून शहराभोवतालच्या ४२ गावांचं प्राधिकरण केलं. त्यामुळं बांधकामाची परवानगी एकीकडं, घरपट्टी-पाणीपट्टी दुसरीकडं अशी परिस्थिती असते. कुठला अर्ज कुठं द्यायचा हे जागेनुसार बदलतं, ते आधी विचारून घ्या.

कॉलनीतल्या माणसांना माझं एक मनापासून सांगणं आहे. मतदार यादीतलं नाव पेठेत ठेवून इथल्या गटारीबद्दल बोलू नका. आम्ही चार वर्षं तसंच केलं. नाव इकडं आणलं आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना दहा-बारा जणी मिळून जायला लागलो, त्यानंतर दोन वर्षांत मुख्य रस्त्याला दिवे लागले.

ड्रेनेज आहे का?

नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. घर बांधताना टाकी रस्त्याच्या बाजूला करा, म्हणजे उपसायची गाडी आली की पाईप घरातून न्यावा लागत नाही. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते. ओला कचरा आम्ही झाडांच्या आळ्यात जिरवतो.

नव्या घराला तडे का जातात?

माती बघून घर बांधलं नसेल तर जातात. नदीच्या बाजूला काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. तिथं पाया मुरमापर्यंत किंवा अभियंता सांगेल तिथपर्यंत खोल न्यावा लागतो. माळावर मुरूम वरच लागतो, पण उताराच्या प्लॉटवर भराव टाकलेला असतो आणि तो बसायला वेळ लागतो. आमची मागची खोली अशा भरावावर आली होती.

दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला. आम्ही घाबरलो. एका जुन्या गवंडीमामांनी काचेची बोटभर रुंद पट्टी आणली, तड्यावर आडवी धरली, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. म्हणाले, “वहिनी, दोन पावसाळे हिला हात लावू नका. काच फुटली तर भिंत अजून चालते आहे. शाबूत राहिली तर नुसतं भरून घ्या.” काच शाबूत राहिली. तडा भरून रंग दिला, पण ती तारीख मी पुसू दिली नाही.

शेताशेजारी राहणं कसं असतं?

कॉलनीच्या पूर्वेला ऊस आहे. तोडणी झाली की पाचट पेटवतात आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख असते. हंगामात वाऱ्याच्या दिशेनं गुऱ्हाळाचा वास येतो, तो मला आवडतो. उसाच्या कडेला घोणस, नाग असतात. अंगणात विटांचे, लाकडांचे ढीग ठेवू नका, रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

शेतकऱ्यांशी संबंध हा यातला सगळ्यात नाजूक भाग. गावातली माणसं आपल्याला “प्लॉटवाले” म्हणतात. त्यांच्या वाटा होत्या तिथं आपली कुंपणं आली, हे आपण विसरतो. आमच्या कॉलनीच्या कडेनं बैलगाडीची जुनी वाट होती, ती एका घरमालकानं बांधकामाचं साहित्य टाकून अडवली. भांडण तालुक्यापर्यंत जायचं होतं. तो ढीग कॉलनीतल्याच पोरांनी एका रविवारी उचलून वाट मोकळी केली. त्या शेतकरी अण्णांच्या घरचं म्हशीचं दूध आज कॉलनीत तीसएक घरं घेतात. पाचट पेटवायच्या आदल्या दिवशी ते फोन करतात, आम्ही कपडे आत वाळत घालतो.

म्हाताऱ्या माणसांना करमतं का?

लगेच नाही करमत. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मामंजी पेठेत रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचे. रात्री कधी मित्रांबरोबर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिऊन यायचे. इथं आल्यावर ते खुर्ची घेऊन फाटकाशी बसायचे आणि रस्त्यानं कुणीच जात नाही म्हणून सातलाच आत यायचे. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. घर मोठं झालं, खोली स्वतंत्र मिळाली, उजेड भरपूर, आणि माणूस मात्र सुकत चालला. मला त्या वर्षी वाटायचं, आपण यांना इथं आणून चूक केली.

मग आमच्या ह्यांनी आठवड्यातून दोनदा त्यांना पेठेत नेऊन सोडायला सुरुवात केली, मंगळवारी आणि शुक्रवारी. रात्री साडेआठला परत. त्यानं निम्मं दुखणं गेलं. उरलेलं कट्ट्यानं गेलं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. म्हातारी माणसं आणणार असाल तर हे दोन दिवस पहिल्या आठवड्यापासूनच ठरवून टाका.

मुलांचं काय?

मुलं सगळ्यात आधी रुळतात. पेठेत फुटबॉल गल्लीत खेळायचा आणि काचा फुटायच्या, इथं रिकाम्या प्लॉटवर खेळतात. मात्र शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना असला की आमचा धाकटा अजून तिकडंच जातो. गणपतीचंही तसंच. पहिली तीन वर्षं आम्ही सगळे अकरा दिवस पेठेतच असायचो. चौथ्या वर्षी कॉलनीतल्या मुलांनी आपला गणपती बसवला, दीड फुटाची शाडूची मूर्ती, पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या आरतीला साताऱ्याचे, बेळगावचे, गडहिंग्लजचे, पेठेतले असे सगळे आपापल्या चालीत म्हणत होते. चौथ्या दिवसापर्यंत एक चाल झाली होती.

बायकांना रात्री भीती वाटते का?

पहिल्या वर्षी वाटायची. दोन घरांच्या मध्ये पाच-पाच प्लॉट रिकामे, गवत कमरेएवढं. आम्ही बायकांनी रिकाम्या प्लॉटच्या मालकांचे नंबर शोधून काढले आणि दर पावसाळ्यानंतर गवत काढायला सांगू लागलो. काही मालक पैसे पाठवतात, काही नाही, ते आम्ही वर्गणीतून काढतो. फाटकाबाहेरचा एक दिवा प्रत्येक घरानं रात्रभर चालू ठेवायचा, हा दुसरा नियम. आता रात्री दहाला मुलगी क्लासवरून एकटी येते.

वर्गणी किती आणि सोसायटी लागते का?

स्वतंत्र घरांच्या कॉलनीत अशी संस्था आपोआप तयार होत नाही. नोंदणीकृत संस्था करून घ्या. खुल्या जागेचा प्रश्न आला तेव्हा पत्र कुणाच्या नावानं द्यायचं इथूनच आमची अडचण सुरू झाली. वर्गणी आमच्याकडं महिन्याला घरटी ३०० रुपये, हिशोब दर महिन्याला कट्ट्यावर फळ्यावर लिहितो. फळ्यावर लिहिल्यापासून वर्गणी मागायला जावं लागत नाही.

तो हिरवा चौकोन, बगीचा, शेवटी झाला का?

बगीचा म्हणावा असा अजून नाही. तीन ट्रॉली माती घातली आहे. कडेनं कडुनिंब, करंज आणि एक वड लावला आहे, उन्हाळ्यात घरटी दोन बादल्या पाणी ठरलेलं आहे. मधे मुलांसाठी मोकळं ठेवलं. आणि वडाशेजारी दगडी कट्टा बांधला, बारा फुटांचा, पेठेतल्यासारखा गुडघ्याच्या उंचीचा, पाय न लोंबकळता बसता येईल असा. उंची मामंजींनी स्वतः उभं राहून काठीनं दाखवली होती.

परत पेठेत जाल का?

मागच्या महिन्यात पेठेतल्या घराच्या वाटणीची बोलणी झाली, तेव्हा धाकट्या दिरांनी मामंजींना हेच विचारलं. ते म्हणाले, “मंगळवारी-शुक्रवारी येतोयच की. बाकीच्या दिवशी कट्ट्यावर आमची सहा माणसं वाट बघतात.”